आजोबांवर पिक्चर काढतायत, एनओसीवर सही करू का?

पत्र असं आहे (नावं काढलीत, थोडं छोटं केलंय):

"नमस्कार काकू, मी मिरजेची, वय 29. माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, संगीत नाटकात गायचे. कंपनीबरोबर गावोगाव फिरले, 1950 च्या दशकात त्यांच्या दोन रेकॉर्डी निघाल्या, सांगली आकाशवाणीवर पण गायचे. आता एक निर्माते त्यांच्यावर सिनेमा करायचा म्हणतायत. आई, मामा आणि मी अशा तिघांची एनओसी (ना-हरकत पत्र) हवीय, कारण आजोबांच्या वह्या, फोटो आणि टेप सगळं माझ्याकडे आहे. प्रॉब्लेम असा की आजोबा प्यायचे, त्यापायी कंपनी सुटली, आणि कुरुंदवाडला त्यांचं दुसरं घर होतं. कंपनीतल्याच बाई होत्या. त्या आता नाहीत पण त्यांची मुलगी आहे, नात्याने माझी मावशीच, आमचं येणंजाणं नाही. आई म्हणते यातलं काहीही दाखवायचं नाही, नाहीतर मी सही करणार नाही. मामा म्हणतात 'तो बोहेमियन रॅप्सडी बघा, सगळं सोज्वळ केलं म्हणूनच चालला ना, फॅमिली पिक्चर करा, पैसा येतो.' निर्माते पण सारखं त्याच पिक्चरचं नाव घेतात, आणि नफ्यात दहा टक्के देतो म्हणतायत. मला वाटतं खरं ते दाखवावं, पण घरात एकटी पडलेय. काय करू? – आजोबांची नात"

अगं नाती, पहिली गोष्ट म्हणजे सही लगेच करू नकोस, निर्मात्यांना दोन महिने थांबायला सांग, खरंच इंटरेस्ट असेल तर थांबतील आणि नसेल तर आत्ताच कळलेलं बरं. आता मामांच्या मुद्द्यावर येते, कारण तुमच्या घरातलं सगळं भांडण त्या एका पिक्चरच्या नावावर चाललंय आणि मामांनी त्याचा अर्धाच हिशेब मांडलाय असं माझं स्पष्ट मत आहे.

बोहेमियन रॅप्सडी, म्हणजे क्वीन या ब्रिटिश बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्यावरचा पिक्चर, चालला हे खरंच आहे, आणि कसला चालला! 2018 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आला, खर्च साधारण 5 कोटी डॉलरच्या आसपास आणि जगभरातून कमाई 90 कोटी डॉलरच्या वर, म्हणजे तेव्हाच्या भावाने सहा हजार कोटी रुपयांपेक्षा जास्त. गाणाऱ्या माणसावरच्या पिक्चरने तोपर्यंत एवढं कधीच कमावलं नव्हतं. दक्षिण कोरियात जवळपास एक कोटी तिकिटं गेली, तिथे थिएटरात उभं राहून गाणी म्हणायचे वेगळे शो लागायचे, जपानमध्येही तेच वेड. ऑस्कर चार मिळाले, त्या रात्री एवढे दुसऱ्या कुठल्याच पिक्चरला नव्हते. आणि गंमत बघ, समीक्षकांनी मात्र नाकं मुरडली होती. गुळगुळीत आहे, घाबरत घाबरत केलाय, फ्रेडीचं खासगी आयुष्य उरकून टाकलंय, असं बऱ्याच जणांनी लिहिलं. एडिटिंगचं ऑस्कर मिळाल्यावर तर त्यातलाच एक सीन, बँडवाले टेबलाभोवती बसून मॅनेजरला पहिल्यांदा भेटतात तो, नेटवर फिरायला लागला, कारण कुणी धड एक वाक्य बोलायच्या आत कॅमेरा तीनदा बदलतो, बघता बघता डोळे दुखतात. पण लोक रडत बाहेर पडत होते आणि परत तिकीट काढत होते. मी स्वतः दोनदा पाहिला, दुसऱ्यांदा पैसे वाया गेले असं अजिबात वाटलं नाही.

मग मामा म्हणतात तसं सोज्वळ केल्यामुळे चालला का? थोडासा हातभार लागला असेल, ते मान्य करते. लहान पोरांना घेऊन जाता येईल असा बेतला होता म्हणून गर्दी वाढली. त्याच्या पुढच्याच वर्षी, 2019 ला, एल्टन जॉन या इंग्लिश गायकावर 'रॉकेटमॅन' आला, त्यात ड्रग्ज, दारू, पुरुषाशी असलेलं प्रेम सगळं उघड दाखवलं. माणूस जिवंत असून त्याने दाखवू दिलं. त्याने कमावले 20 कोटी डॉलरला थोडे कमी. म्हणजे बुडाला नाही, पण पहिल्याच्या पाव भागसुद्धा नाही. मामा हा आकडा काढतीलच, तेव्हा तुला आधीच माहीत असू दे.

पण खरं कारण वेगळं आहे. त्या पिक्चरची शेवटची वीसेक मिनिटं आठव, 13 जुलै 1985 चा लंडनच्या वेम्बली स्टेडियमवरचा, दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठीचा लाइव्ह एडचा कार्यक्रम जवळपास जसाच्या तसा उभा केलाय, पियानोवर ठेवलेले पेप्सीचे ग्लास सुद्धा. हे शूटिंग सगळ्यात आधी केलं होतं, हर्टफर्डशरमधल्या एका जुन्या विमानतळावर स्टेज बांधून, म्हणजे फ्रेडी झालेल्या बिचाऱ्या रामी मालेकला पहिल्याच दिवसांत शेवटचा पेपर द्यावा लागला. लोक त्या वीस मिनिटांसाठी गेले. ती गाणी लोकांच्या कानात चाळीस वर्षं बसलेली होती, क्रिकेटच्या मैदानावर वाजतात, लग्नाच्या बँडमध्ये वाजतात, ज्याला क्वीन म्हणजे काय माहीत नाही तोही थाप-थाप-टाळी वाजवतो. मधली दीड तासाची गोष्ट कितीही पाणचट असती तरी गाणं लागलं की पब्लिक माफ करणार होतं, आणि केलंच.

आता तू मला सांग, तुझ्या आजोबांची किती गाणी आज कुणाच्या कानात आहेत? वाईट वाटून घेऊ नकोस. दोन रेकॉर्डी, रेडिओवरचे काही कार्यक्रम, आणि सांगली-मिरजेतली सत्तरी ओलांडलेली चार माणसं. मामांना ही गोष्ट शांतपणे सांग की क्वीनला गुळगुळीत गोष्ट परवडली कारण त्यांच्याकडे गाणी होती, आपल्याकडे गाणी कुणाला माहीत नाहीत, आपल्याकडे आहे ती फक्त गोष्ट. तीच काढून घेतली तर मागे काय राहतं? फेटा बांधलेला एक सज्जन माणूस गातोय, लोक वाहवा करतायत, शेवटी सत्कार. असला पिक्चर मिरजेत सुद्धा दुसऱ्या आठवड्याला टिकत नाही. दारूने आवाज गेला, कंपनी सुटली, दोन घरांत जीव अडकला आणि तरी माणूस गात राहिला, हा तुझ्या आजोबांचा पिक्चर आहे.

आता आईकडे येऊ, कारण खरा गुंता तिथे आहे, मामांना फक्त आकडे हवेत. आईला नवऱ्यामुळे पोळलेली तिची आई लोकांसमोर बिचारी म्हणून उभी राहायला नकोय, हे माझ्या लक्षात येतंय. पण आईला विचार, न दाखवल्याने नेमकं काय होतं? त्या पिक्चरमध्ये काय केलं बघ. निर्मात्यांमध्ये बँडचा मॅनेजर जिम बीच होता, गिटारवाला ब्रायन मे आणि ड्रमवाला रॉजर टेलर दोघेही आतून गुंतलेले होते. आधी साशा बॅरन कोहेन हा नट फ्रेडी करणार होता, त्याने नंतर एका मुलाखतीत सांगितलं की बँडमधल्या एकाच्या डोक्यात असं होतं की फ्रेडी पिक्चरच्या मध्यावर मरतो आणि पुढे बँड कसा जोमाने उभा राहिला ते दाखवायचं. तो बाहेर पडला 2013 ला. जे जिवंत असतात आणि ज्यांच्या हातात कागद असतात त्यांची बाजू पडद्यावर चांगलीच दिसते, यात नवल नाही.

आणि मग वाईट कोण दिसतं? जे उत्तर द्यायला नाहीत ते. पॉल प्रेंटर नावाचा फ्रेडीचा मॅनेजर, तो पिक्चरमध्ये सरळ खलनायक आहे, फ्रेडीला बँडपासून तोडणारा, मग टीव्हीवर जाऊन त्याच्याबद्दल वाटेल ते बोलणारा. आता हा माणूस काही साधुसंत नव्हता, त्याने खरंच 1987 मध्ये एका ब्रिटिश पेपरला फ्रेडीच्या भानगडी विकल्या. पण पिक्चरने ते सगळं लाइव्ह एडच्या आधी नेऊन ठेवलं, कारण तिथे नाट्य हवं होतं. प्रेंटर 1991 मध्येच गेला, बोलणार कोण. तसंच बँड फुटला होता आणि लाइव्ह एडसाठी परत एकत्र आला असं दाखवलंय, प्रत्यक्षात ते त्याच वर्षी मे महिन्यापर्यंत जपानात दौऱ्यावर होते. फ्रेडी एकट्याचा अल्बम काढतो म्हणून बाकीच्यांना केवढा धक्का बसतो त्यात, खरं तर रॉजरने स्वतःचा अल्बम 1981 लाच काढला होता. आणि सगळ्यात जास्त मला खटकलेलं म्हणजे आजाराचं. पिक्चरमध्ये तो लाइव्ह एडच्या तालमीत बँडला सांगतो की मला एड्स आहे. त्याचा जोडीदार जिम हटनने लिहून ठेवलंय की निदान 1987 मध्ये झालं. म्हणजे त्या माणसाचा मरणाचा आजार दोन वर्षं आधी ओढला, शेवटचं गाणं आणखी रडवेल म्हणून. रडले मी पण, घरी येऊन वाचल्यावर मात्र राग आला.

हे सगळं तुला एवढ्या तपशिलात सांगतेय ते कुरुंदवाडच्या घरासाठी. आईने 'ते दाखवायचंच नाही' म्हटलं आणि निर्मात्याने मान डोलावली तरी त्याला पिक्चरमध्ये आजोबांची दारू आणि कंपनी सुटणं कुठेतरी बसवावंच लागणार, निदान इशाऱ्याने. मग दोष कुणाच्या माथी जाईल? कंपनीतली एक बाई, नाव बदललेलं, नखरेल, जिच्यामुळे भोळाभाबडा गायक वाया गेला. आपल्याकडे ही बाई पडद्यावर इतक्यांदा येऊन गेलीय की पटकथाकाराला विचार करायचीही गरज नाही. मिरज-कुरुंदवाडात मात्र सगळ्यांना कळेल ती कोण ते. आणि तुझी ती मावशी थिएटरात बसून स्वतःच्या आईला तसं बघेल. आईला सांग की झाकलं की प्रकरण मिटतं असं नाही, झाकलेलं कुणाच्या तरी अंगावर पडतं.

म्हणून माझा पहिला सल्ला थोडा कडू आहे. एनओसीचा विचार करायच्या आधी कुरुंदवाडला फोन कर. आईला न सांगता करू नकोस, सांगून कर, भांडण होईल ते होऊ दे. तूच कर, मामांना करायला लावू नकोस, ते पहिल्या मिनिटाला पैशाचं बोलतील. नुसतं सांग की असं असं चाललंय, तुमच्या आईंबद्दल काही दाखवणार असतील तर तुम्हाला विचारल्याशिवाय माझी सही होणार नाही. त्या येतील, नाही येतील, फोन आपटतील, तो त्यांचा हक्क आहे. कदाचित त्यांच्याकडे आजोबांच्या अशा टेप असतील ज्या तुमच्याकडे नाहीत, पण त्यासाठी म्हणून फोन करू नकोस, समोरच्याला लगेच कळतं.

आता पैसा. 'नफ्यात दहा टक्के' ऐकून मामा खूश झाले असतील. मामांना त्याच पिक्चरची ही पण गोष्ट सांग. बोहेमियन रॅप्सडीची पटकथा लिहिणाऱ्या अँथनी मॅककार्टनने 2021 मध्ये निर्मात्याच्या कंपनीवर दावा लावला. त्याचं म्हणणं, माझ्या करारात निव्वळ नफ्यातला वाटा होता, आणि हिशेब दाखवला तर पिक्चर पाच कोटी डॉलरहून जास्त तोट्यात! 90 कोटी डॉलर कमावलेला पिक्चर कागदावर तोट्यात दिसत होता, म्हणून तो माणूस कोर्टात गेला. वितरकाचं कमिशन, जाहिरात, व्याज, अजून काय काय वजा करत गेलं की निव्वळ नावाचं काही उरतच नाही. तिकडे एवढ्या मोठ्या लेखकाची ही गत, मग मिरजेच्या मामांचं काय होणार? म्हणून टक्केवारीवर भाळू नका, जे काही ठरेल ते एकरकमी, अर्धं सही करताना आणि अर्धं शूटिंग सुरू व्हायच्या आधी. आकडा छोटा असला तरी चालेल. टक्के वर मिळाले तर घ्या, पण त्या भरवशावर घराला रंग काढू नका.

आणि एक लक्षात ठेव, तू समजतेस त्यापेक्षा तुझ्या हातात जास्त आहे आणि थोडं कमीही आहे. कमी अशासाठी की जे पेपरात छापून आलंय, जे सगळ्यांना माहीत आहे, त्यावर कुणीही सिनेमा करू शकतो, त्याला दरवेळी घरच्यांची परवानगी लागतेच असं नाही. जास्त अशासाठी की वह्या, पत्रं, फोटो आणि घरातल्या टेप तुझ्याकडे आहेत आणि त्याशिवाय त्यांचा पिक्चर उभा राहत नाही, म्हणून तर ते दारात आलेत. तेव्हा मूळ वस्तू कुणालाही द्यायच्या नाहीत. आधी सगळं स्कॅन करून घे, स्पूल आणि कॅसेट डिजिटल करून घे (पुण्या-मुंबईत करून देणारे आहेत, जुन्या टेपला बुरशी असेल तर घरच्या मशीनवर चुकूनही लावू नकोस), आणि त्यांना कॉपी दे, तीही यादी करून, सही घेऊन.

गाण्यांच्या हक्काचं तर निर्मात्यांनाच नीट माहीत नसतं कधीकधी. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षं चालतो, म्हणजे 1950 च्या दशकातल्या त्या दोन रेकॉर्डींची मुदत संपलेली असणार. आकाशवाणीच्या कार्यक्रमांचं वेगळं, तिथे रीतसर परवानगी काढावी लागेल. नाट्यपदं देवलांची किंवा खाडिलकरांची असतील तर शब्दांचा प्रश्न नाही, देवल 1916 मध्ये गेले आणि खाडिलकर 1948 मध्ये, पुढची 60 वर्षं केव्हाच होऊन गेली. त्यानंतरच्या कुणाची असतील तर बघावं लागेल. हे सगळं कॉपीराइटची कामं करणाऱ्या वकिलाला एकदा दाखव, थोडी फी जाईल पण जाऊ दे. जमिनीची कामं करणारा घरचा वकील नको, प्लीज.

आवाजाचं काय करणार हे निर्मात्यांना जरूर विचार. फ्रेडीच्या पिक्चरमध्ये मूळ रेकॉर्डिंग होतीच, शिवाय मार्क मार्टेल नावाच्या गायकाचा आवाज आणि थोडा रामी मालेकचा स्वतःचा, असं सगळं बेमालूम मिसळलं होतं. आपल्याकडे 2011 च्या 'बालगंधर्व'मध्ये चेहरा सुबोध भावेचा आणि गळा आनंद भाटेंचा, त्या गाण्यासाठी भाटेंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तेव्हा आजोबांची पदं कोण गाणार यावर निर्माता गडबडला, 'बघू, एखादा रिअ‍ॅलिटी शोवाला घेऊ' म्हणाला, तर समज की त्याने अजून काहीच विचार केलेला नाही.

घरचीच माणसं पिक्चरमध्ये असली की नेहमी वाटोळंच होतं असंही मी म्हणणार नाही. केदार शिंदेंनी 2023 मध्ये आपल्या आजोबांवर, शाहीर साबळेंवर 'महाराष्ट्र शाहीर' काढला, नातवाने आजोबांचा पिक्चर केला, शाहिरांच्या पहिल्या बायकोच्या भूमिकेत स्वतःची मुलगी उभी केली. माया असणारच त्यात, ती दिसतेही. पण तो माणूस दिग्दर्शक आहे, धंदा त्याला कळतो. तुमच्या घरात ते कुणाला कळत नाही, तेव्हा 'आम्ही म्हणू तसंच दाखवा' हा हट्ट धरलात तर चांगला दिग्दर्शक पळून जाईल आणि जो 'हो हो' म्हणेल तोच उरेल.

म्हणून आईसाठी मधला मार्ग असा सुचवते. सगळं लपवा असं लिहून मागू नका. त्याऐवजी शूटिंगच्या आधी पूर्ण पटकथा वाचायला मिळेल आणि तुम्ही दिलेले आक्षेप लेखी नोंदवून त्यावर बैठक होईल, एवढं करारात घाला. आणि ठरावीक तीनच गोष्टींना हात लावायचा नाही असं ठरवा, उदाहरणार्थ आजीचं शेवटचं आजारपण, किंवा आईच्या लहानपणातला एखादा प्रसंग जो तिला नकोच आहे. तीन. चौथी मागितली की निर्माता वैतागतो. 'सिनेमॅटिक लिबर्टी' (म्हणजे पडद्यासाठी गोष्टीत फेरफार करायची मोकळीक) हा शब्द कागदात असणारच, तो काढता येणार नाही, पण त्याच्यापुढे मृत्यूच्या, आजाराच्या आणि जिवंत नातेवाइकांच्या प्रसंगांत तारखा आणि घटना बदलायच्या नाहीत असं एक वाक्य टाकता येतं. फ्रेडीच्या घरच्यांनी टाकलं असतं तर बरं झालं असतं, असं मला राहून राहून वाटतं.

हो, आणि एक उगाच आठवलं म्हणून. तो फ्रेडी मूळचा फारुख बुलसारा, पारशी, जन्म झांझिबारचा, पण शाळा आपल्याकडची, पाचगणीचं सेंट पीटर्स. तिथेच पोरांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा पहिला बँड काढला. तुमच्या मिरजेपासून गाडीने तीन-चार तासांवर. पिक्चरमध्ये मात्र तो आपल्याला थेट लंडनच्या हीथ्रो विमानतळावर सामान उचलताना भेटतो, पाचगणीची सगळी वर्षं गायब. परदेशी पब्लिकला गरज नव्हती म्हणून वगळली असतील. तुझ्या आजोबांच्या पिक्चरमध्ये पण अशीच सुरुवातीची वर्षं कापायला निघतील बघ, कंपनीत पोऱ्या म्हणून पेटीमागे बसायचे, पडदा ओढायचे ती. निर्मात्याला ती स्वस्तात काढता येत नाहीत, तंबू, बैलगाड्या, गर्दी सगळं उभं करावं लागतं. तिथे मात्र भांड.

निर्माते परत येतील तेव्हा मामांना समोर बसव, पण बोलणं तू कर. पहिला प्रश्न पैशाचा नको, 'कुरुंदवाडचं घर तुम्ही कसं दाखवणार' हा विचार. त्यांनी आईकडे बघून लगेच 'ते आम्ही घेणारच नाही' म्हटलं तर चहा देऊन पाठवून दे. त्यांनी थोडं थांबून, त्या बाईंबद्दल, त्यांच्या गाण्याबद्दल तुलाच उलट चार प्रश्न विचारले, तर पुढचं बोलायला हरकत नाही. मला काय झालं ते कळव, आणि टेप डिजिटल झाल्या की एखादं पद मलाही पाठव.